विजेची मोटार दोरीने का ओढू नये?

शेंद्र्यात २००१ साली स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली, ती पेट्रोल-डिझेलच्या मोटारींची. अशी मोटार जालना रस्त्यावर बंद पडली तर गिअर न्यूट्रलला आणून दोरीने ओढता येते. आता त्याच रस्त्यावर विजेच्या मोटारीही धावतात, आणि मदतीला येणारा माणूस तीच दोरी घेऊन येतो. येथे मात्र ती नडते.

विजेच्या बहुतेक मोटारींत चाके व विद्युत् मोटर यांची जोडणी कायमची असते, न्यूट्रल नावालाच. चाके फिरली की मोटरमधील कायमचुंबक वेटोळ्यांपुढून फिरतात आणि फॅरडेने १८३१ साली दाखविल्याप्रमाणे वीज निर्माण होते. वेग वाढेल तसा विद्युत्‌दाब वाढतो. थंडावा देणारा पंप बंद असतो. नियंत्रक जळू शकतो. वर्गात खेळण्यातल्या मोटरला लाल एलईडी जोडावा, आसाला दोरा गुंडाळून झटक्याने ओढावा. दिवा चमकतो. (न चमकल्यास एलईडीची टोके उलटी जोडावीत.) मोटरची दोन्ही टोके एकमेकांस जोडली तर तोच आस फिरविणे जड जाते, हे मुलांना बोटांनाच कळते.

म्हणून चारही चाके उचलून, सपाट ट्रकवरच गाडी न्यावी. पट्टे चाकांना बांधावेत. तळाशी बॅटरी असते, तिला जॅक लावू नये. नारिंगी तारांना हात नको, त्यांत बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट असतात. धडकेत दुखावलेली बॅटरी काही दिवसांनीही पेटू शकते. अशी गाडी इमारतींपासून दूर, उघड्यावर ठेवावी.

ट्रक बोलावण्यापूर्वी मात्र १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासावी. ती उतरली असेल तर मोठी बॅटरी भरलेली असूनही तिला जोडणारा स्विच बसत नाही, आणि गाडी हलत नाही.