पुरावा माणसाच्या आधी मरतो

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं पणदरे हे बारामतीजवळचं उसाचं गाव. याच पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा गावांतून दोन-तीन पिढ्या मुंबईच्या कारखान्यांत कामाला गेल्या आणि निवृत्त झाल्यावर गावी परतल्या. बरोबर त्यांनी फंडाचे पैसे आणले, ट्रंक आणली. काहींच्या छातीत कामावरची धूळही आली. ती वीस, तीस, कधी चाळीस वर्षं गप्प राहते. मग एक दिवस जिना चढताना धाप लागते, छातीत पाणी होतं आणि घरातली माणसं पुण्याच्या दवाखान्यांच्या खेपा घालू लागतात.

ही धूळ अ‍ॅस्बेस्टॉसची असेल तर आजाराला नाव आहे, कारण आहे आणि जबाबदार धरण्याजोगा मालकही आहे. तरीही आपल्याकडे अशा कुटुंबांना भरपाई जवळजवळ मिळत नाही. आजार यायला तीस वर्षं लागतात आणि तो कामामुळे झाला हे सिद्ध करणारे कागद, सहकारी, कारखाना, कधी कधी खुद्द कंपनीही तोवर नाहीशी झालेली असते. या लेखाचा विषय हाच आहे: पुरावा माणसाच्या आधी मरतो, आणि त्याला जगवणं कोणाचं काम आहे.

रॉचडेल ते घाटकोपर

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्स या कंपनीच्या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची कामगार अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती फुफ्फुसं निकामी होऊन वारली. स्थानिक डॉक्टरनं आजाराचं कारण अ‍ॅस्बेस्टॉस असल्याचं लिहून दिलं होतं. पण तेव्हाच्या ब्रिटिश भरपाई कायद्याच्या यादीत हा आजार नव्हता. कंपनीनं जबाबदारी नाकारली आणि अंत्यविधीच्या खर्चालाही हात लावला नाही. डॉ. डब्ल्यू. ई. कुक यांनी तिच्या फुफ्फुसांचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९३० मध्ये सरकारी पाहणीचा अहवाल आला आणि १९३१ मध्ये ब्रिटननं धुळीवर नियंत्रणाचे पहिले नियम केले.

म्हणजे ही धूळ माणूस मारते हे १९३१ पर्यंत ब्रिटनच्या सरकारला आणि या उद्योगाला कागदोपत्री ठाऊक झालं होतं. टर्नर ब्रदर्समधूनच टर्नर अँड न्यूऑल ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. १९५० च्या दशकात तिच्या गुंतवणुकीतून मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना सुरू झाला. तिथं अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत, कापड आणि गाड्यांची ब्रेक लायनिंग तयार होत. पुढे कंपनीचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं.

या कामगारांची स्वतंत्र तपासणी मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या संस्थेनं केली. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला. या आजारात फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात आणि श्वास आखूड होत जातो. याच निबंधात आणखी एक अंदाज दिला आहे. देशात सुमारे एक लाख कामगार अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात असताना तोवर ३० हूनही कमी जणांना भरपाई मिळाली होती. कारणंही स्पष्ट लिहिली आहेत: मालकांच्या पैशांवर झालेल्या तपासण्यांतून आजाराचे दाखलेच मिळत नाहीत, डॉक्टरांना कामाच्या आजारांचं प्रशिक्षण नसतं, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या आजाराला दमा-खोकला किंवा क्षय म्हणून मोकळं होता येतं.

छातीत नेमकं काय होतं

अ‍ॅस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारं तंतुमय खनिज. ते जळत नाही, कुजत नाही, त्याचे काही प्रकार आम्लालाही दाद देत नाहीत. याच गुणांमुळे ते बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपांच्या लॅगिंगला (उष्णता रोखणाऱ्या आवरणाला), गॅस्केटला, भट्टीच्या दोरीला, ब्रेकला आणि सिमेंटच्या पत्र्याला वापरलं गेलं. पण जे भट्टीत टिकतं ते फुफ्फुसातही टिकतं. डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर खोल उतरतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला जातात, पण पचवू शकत नाहीत. त्या जागी वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. त्यातून कधी फुफ्फुसाचा कर्करोग होतो, कधी फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा. आवरणाच्या या कर्करोगाला मेसोथेलिओमा म्हणतात. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या परिसरातले ३३ रुग्ण मांडून डॉ. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी त्याचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९७७ मध्येच अ‍ॅस्बेस्टॉसला माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, यातून सुटलेलं नाही.

मेसोथेलिओमा झालेला माणूस निदानानंतर बहुधा वर्ष-दीड वर्षच जगतो. आपल्याकडे त्यातले कित्येक महिने चुकीच्या वाटेवर जातात. छातीत पाणी दिसलं की क्षयाची शंका आधी येते, आणि क्षय आपल्याकडे इतका आहे की ते चूक म्हणता येत नाही. गोळ्या सुरू होतात, पाणी काढलं जातं, पुन्हा भरतं. आवरणाचा तुकडा काढून तपासेपर्यंत खरा आजार कळत नाही. रुग्ण बिडी ओढणारा असेल तर चौकशी बिडीपाशीच थांबते. खरं तर बिडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. पण मेसोथेलिओमाचा बिडीशी संबंध नाही. ‘आधी कुठं, काय काम करत होता?’ हा एक प्रश्न विचारला तर पुढचं सगळं बदलू शकतं.

घर कसं पोळतं

या आजाराचा फटका कामगारापुरता राहत नाही. १९६५ मध्ये लंडनच्या न्यूहाऊस आणि थॉम्पसन या संशोधकांनी दाखवलं की मेसोथेलिओमाच्या रुग्णांत कारखान्याची पायरी कधी न चढलेली माणसंही होती. काही जण कारखान्याच्या आसपास राहणारे होते, तर काहींच्या घरातलं माणूस तिथं कामाला होतं. कामावरून आलेले कपडे झटकून धुणारी बायको, बापाच्या अंगाला बिलगणारं पोर यांनीही तीच धूळ श्वासात घेतली. अशा बाईला आजार झाला तर आपला कायदा तिला कामगार मानत नाही. ती भरपाई कुणाकडे मागणार?

रुग्ण झोपतोही बसूनच. रात्री घरात कुणी ना कुणी जागं असतं. मुलाला रोजगार बुडवून दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागतात, औषधासाठी जनावर विकलं जातं, ऊसबिलावर उचल घेतली जाते. आणि इतकं होऊनही माणूस गेल्यावर मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘श्वसन बंद पडल्याने’ एवढंच लिहिलेलं असेल, तर भरपाईचं दार तिथंच अर्धं लागतं.

कायद्याचा हिशेब

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, जो पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला, त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅस्बेस्टोसिस आहे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमाही आहे. ठरलेल्या मुदतीची नोकरी दाखवली की आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारानं याच गोष्टीसाठी विमा महामंडळाकडे जायचं असतं. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आता या जुन्या कायद्यांची जागा घेत आहे, त्यामुळे दावा करण्यापूर्वी कामगार वकिलाला विचारणं गरजेचं आहे.

पण १९२३ च्या कायद्यातली अडचण कालावधीत आहे. त्यात दावा करायची मुदत २ वर्षं. नोकरी सुटल्यानंतर लक्षणं दिसली तर ती २ वर्षांच्या आत दिसलेली असावीत, असं कायदा धरून चालतो. ज्या आजाराला उगवायलाच तीस वर्षं लागतात त्याच्यासमोर ही दोन वर्षं म्हणजे थट्टा आहे. पुरेसं कारण असेल तर आयुक्तांना उशीर माफ करता येतो, पण आधीच खचलेल्या कुटुंबानं तेही लढून मिळवायचं.

दुसरी अडचण रकमेत आहे. मृत्यूनंतरची भरपाई ठरते ती मासिक पगाराच्या निम्म्याला वयाच्या गुणांकानं गुणून. २०२० पासून हिशेबासाठी धरायचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये. तिसाव्या वर्षी गेलेल्या कामगारासाठी गुणांक २०७.९८, म्हणजे सुमारे १५ लाख ६० हजार रुपये. साठाव्या वर्षी गुणांक ११७.४१, म्हणजे सुमारे ८ लाख ८१ हजार. अपघातासाठी हे गणित समजण्यासारखं आहे. पण अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार उतारवयातच येतो. म्हणजे धूळ तरुणपणी द्यायची आणि भरपाई म्हातारपणाच्या दरानं.

सर्वोच्च न्यायालयानं ही कोंडी ओळखली होती. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल लागला. आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं. प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायचा आदेश दिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनं आजार प्रमाणित केला की संबंधित कारखान्यानं कामगाराला १ लाख रुपये द्यायचे, असंही ठरवलं. चाळीस वर्षांच्या नोंदीचा आदेश हा या निकालाचा कणा आहे. २०११ मध्ये बंदीची याचिका फेटाळतानाही न्यायालयानं १९९५ च्या आदेशांचं पालन करायला पुन्हा बजावलं. मात्र कारखाना बंद पडला, जागा विकली गेली, तर त्या नोंदींची कपाटं कुठं जातात, हे विचारणारं कोणी उरत नाही.

जगानं काढलेल्या वाटा

कंपन्याही टिकत नाहीत. टर्नर अँड न्यूऑल १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल-मोगल कंपनीनं घेतली आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांच्या ओझ्याखाली २००१ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. मालक देशाबाहेरचा असेल तर काय, या प्रश्नाचं एक उत्तर २००० मध्ये मिळालं. दक्षिण आफ्रिकेतल्या हजारो खाण कामगारांना आणि रहिवाशांना केप या ब्रिटिश कंपनीवर लंडनमध्येच खटला चालवायची मुभा तिथल्या सर्वोच्च पीठानं दिली, आणि २००३ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली.

जपानमध्ये २००५ साली आमागासाकी शहरात कुबोता कंपनीच्या जुन्या कारखान्याभोवतीच्या रहिवाशांना मेसोथेलिओमा झाल्याचं बाहेर आलं. पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला. कारखान्यात काम न केलेल्या रुग्णांनाही सरकार आणि उद्योगांच्या निधीतून मदत मिळू लागली. ब्रिटननं २०१४ मध्ये, ज्यांचा मालक किंवा त्याचा विमा सापडत नाही अशा मेसोथेलिओमा रुग्णांसाठी विमा कंपन्यांच्या पैशातून योजना केली. म्हणजे पुरावा हरवला तरी माणूस वाऱ्यावर सोडायचा नाही, हे तत्त्व कायद्यात उतरवता येतं.

आपण कुठं आहोत? अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं भारतानं १९८६ मध्ये थांबवलं, पण बाहेरून लाखो टन माल आजही येतो आणि बहुतेक सिमेंटच्या पत्र्यात जातो. शेजारच्या नेपाळनं २०१५ मध्ये बंदी घातली. २०१७ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं आणि २०१८ मध्ये कॅनडानं, म्हणजे एकेकाळी जगाला अ‍ॅस्बेस्टॉस विकणाऱ्या देशांनीही, ती घातली.

पणदऱ्यात काय करता येईल

गोठ्यावरचा, पोल्ट्रीवरचा धड पत्रा पाहून घाबरायचं कारण नाही. सिमेंटात बांधलेला तंतू सहसा उडत नाही. धोका आहे तो पत्रा ग्राइंडरनं कापताना, भोकं पाडताना, शेवाळ खरवडताना आणि वादळात फुटलेल्या पत्र्याचे तुकडे रस्त्यावर भर म्हणून टाकताना. काढायचाच तर आधी ओला करावा, अख्खा उतरवावा, तुकडे चिखलात न दडपता गुंडाळून वेगळे ठेवावेत. नवी शेड बांधताना बिगर-अ‍ॅस्बेस्टॉस पत्रा मागावा.

ज्या घरात कुणी अशा कारखान्यात, बॉयलरच्या लॅगिंगवर, ब्रेकच्या कामात किंवा जहाजतोडणीत राबलं आहे, त्यांनी आजच कागद एकत्र करावेत: नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचा उतारा, राज्य विम्याचं कार्ड, युनियनच्या पावत्या. जोडीच्या कामगारांची नावं लिहावीत आणि ते हयात असतानाच त्यांची प्रतिज्ञापत्रं घ्यावीत. दवाखान्यात गेल्यावर केसपेपरवर कामाचा इतिहास लिहायला लावावा. एक्स-रे आणि तुकड्याच्या तपासणीचे अहवाल रद्दीत जाऊ देऊ नयेत. १९२३ च्या कायद्यात १९९५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं दावेदार राहतो त्या भागातल्या आयुक्तांपुढे दावा करता येऊ लागला. घाटकोपरच्या कामासाठी पणदऱ्याच्या विधवेनं मुंबईच्या खेपा घालाव्यात असं कायदा म्हणत नाही.

डॉक्टरांवरही कर्तव्य आहे. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या रुग्णाला अ‍ॅस्बेस्टोसिस असल्याचं वाटलं तर कारखाने निरीक्षणालयाला लेखी कळवणं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ नं बंधनकारक केलं. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या छातीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णाला कामाचा इतिहास विचारायची शिस्त लागली, तर बारामती-इंदापूरचा हा आजार पहिल्यांदा मोजला जाईल.

बाकीचं ओझं कुटुंबावर टाकून चालणार नाही. बंद होणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या आरोग्य नोंदी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं ताब्यात घेऊन जपाव्यात. दीर्घ काळानं येणाऱ्या आजारांसाठी मुदत निदानाच्या दिवसापासून मोजावी. वयाचा गुणांक धूळ खाल्ली त्या वयाचा धरावा. मालक सापडत नसेल त्यांच्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉस आयातीवर कर लावून निधी उभारावा, आणि त्यात धुळीचे कपडे धुणाऱ्या बायकांचा हक्कही असावा. यातली एकही मागणी अवास्तव नाही. यांतल्या बहुतेक गोष्टी कुठल्या ना कुठल्या देशानं केल्या आहेत किंवा आपल्याच न्यायालयानं सांगितल्या आहेत. आज कामावर असलेल्या कामगाराचा आजार २०५५ च्या सुमाराला उगवेल. त्याच्या कुटुंबाला तेव्हा न्याय मिळणार की नाही, हे आज त्याची नोंद कोण ठेवतं यावर ठरणार आहे.