एकदाच पाय टेकवा: अॅम्पचे चॅनल आणि इफेक्ट्स एकत्र बदलायची जुळणी

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना हातात गिटार होती, त्यामुळे ‘हे ऐका’ असं जिथे म्हटलं होतं, तिथे इथे शब्दांत सांगितलंय. बाकी गप्पा त्याच.

विषय साधा आहे. गाण्याचा अंतरा क्लीन आवाजात, ध्रुवपदाला थोडा क्रंच, आणि सोलोला पूर्ण डिस्टॉर्शन, वर डिले, शिवाय आवाजही थोडा मोठा. आता १२० च्या लयीतलं गाणं धरा. एक मात्रा म्हणजे अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात अॅम्पचा चॅनल बदला, डिले चालू करा, बूस्ट चालू करा. तीन बटणं आणि पाय दोन, त्यातला एक तर उभं राहायला लागतो. म्हणून बरेच गिटारवादक सोलोचा पहिला सूर खाली बघत वाजवतात, आणि कधी कधी तो सूर चुकीच्याच आवाजात येतो. हे सगळं एका बटणावर कसं आणायचं, ते आज बघू.

दोन रस्ते वेगळे ओळखा

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे असं दिसतं: इथे दोन रस्ते आहेत. एक आवाजाचा रस्ता, म्हणजे गिटारपासून स्पीकरपर्यंत जाणारा सिग्नल. दुसरा हुकमाचा रस्ता, म्हणजे ‘आता हा चॅनल, आता हा पेडल’ असं सांगणारी तार. हुकमाच्या तारेतून आवाज जात नाही आणि आवाजाच्या तारेतून हुकूम जात नाही. हे दोन डोक्यात वेगळे ठेवलेत की स्टेजवर काही बिघडलं तरी कुठे शोधायचं ते लगेच कळतं. सूरच येत नसेल तर पहिला रस्ता. सूर येतोय पण चॅनल बदलत नाही, तर दुसरा.

आधी वही, मग दुकान

काहीही विकत घ्यायच्या आधी बँडची गाणी वहीत लिहा आणि प्रत्येक गाण्यापुढे लागणारे आवाज लिहा. वीस गाण्यांतून बहुधा चार-पाचच आवाज निघतात: क्लीन, क्लीन अधिक कोरस, क्रंच, लीड, आणि एखादा रिव्हर्बने भरलेला. प्रत्येक आवाजापुढे लिहा: चॅनल कोणता, कोणते पेडल चालू, कोणते बंद. ही वहीच तुमचा आराखडा. यात एका वेळी एकच गोष्ट बदलत असेल तर तुम्हाला स्विचरची गरजच नाही, पैसे वाचवा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलत असतील तरच पुढे वाचा.

डिले कुठे बसवायचा?

चॅनल असलेल्या अॅम्पचे आत दोन भाग असतात. प्रीअॅम्प आवाजाला रंग देतो, डिस्टॉर्शन मुख्यतः तिथेच तयार होतं. पॉवर अॅम्प त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. डिले अॅम्पच्या पुढे, म्हणजे गिटार आणि इनपुटच्या मध्ये लावला, तर मूळ सूर आणि त्याचे पडसाद एकत्र डिस्टॉर्ट होतात. परिणाम म्हणजे खिचडी. क्लीन चॅनलवर हे चालून जातं, लीडवर नाही. म्हणून अॅम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात. सेंडमधून प्रीअॅम्पचा सिग्नल बाहेर येतो, रिटर्नमधून तो पॉवर अॅम्पकडे परत जातो. डिले आणि रिव्हर्ब या मधल्या जागेत बसवायचे. मार्शलच्या डीएसएलसारख्या दोन चॅनलच्या अॅम्पला अशी लूप असते.

बूस्टचंही तसंच. डिस्टॉर्शनच्या आधी बूस्ट लावला तर आवाज जास्त घट्ट आणि खरखरीत होतो, पण फारसा मोठा होत नाही, कारण प्रीअॅम्प आधीच भरलेला असतो. तोच बूस्ट लूपमध्ये लावला तर सोलो खरोखर वर येतो. ‘सोलो ऐकूच येत नाही’ या तक्रारीचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

चार केबलची पद्धत

म्हणजे वा, ओव्हरड्राइव्ह हे अॅम्पच्या पुढे, आणि डिले, रिव्हर्ब लूपमध्ये. पण सगळे पेडल एकाच बोर्डावर, पायाशी. यासाठी चार लांब केबल लागतात:

१. गिटारमधून बोर्डावरच्या पहिल्या पेडलमध्ये.
२. ओव्हरड्राइव्हमधून अॅम्पच्या इनपुटमध्ये.
३. अॅम्पच्या सेंडमधून डिलेमध्ये.
४. रिव्हर्बमधून अॅम्पच्या रिटर्नमध्ये.

पाचवी तार चॅनलच्या हुकमाची. बोर्डापासून अॅम्पपर्यंतच्या चार तारा एकत्र बांधा आणि दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा. सेंड आणि रिटर्नची अदलाबदल झाली तर आवाज येत नाही, आणि अंधाऱ्या स्टेजवर ते शोधत बसण्यासारखा वैताग नाही.

इथे लूप स्विचर येतो. त्याच्या पोटात रिले असतात. प्रत्येक पेडल त्याच्या एका लूपला जोडायचा आणि कायम चालू ठेवायचा. तो रस्त्यात घ्यायचा की वगळायचा, ते स्विचर ठरवतो. ‘लीड’ हे एक बटण दाबलं की ओव्हरड्राइव्ह आत, कोरस बाहेर, डिले आत, सगळं एकदम. घेताना एक गोष्ट तपासा: चार केबलसाठी लूपचे दोन वेगळे गट करता आले पाहिजेत, एक अॅम्पच्या पुढचा आणि एक अॅम्पच्या लूपमधला. सगळ्या लूप एकाच साखळीत असलेला स्विचर इथे कामाचा नाही.

आणखी एक बारकावा. डिले असा वगळला की त्याची शेपटी, म्हणजे विरत जाणारे पडसाद, कापल्यासारखी तुटते. ती राहायला हवी असेल तर डिले कायम रस्त्यात ठेवा आणि त्याच्या स्वतःच्या बायपासमध्ये शेपटी ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा.

चॅनलचा हुकूम

बऱ्याच अॅम्पचा फूटस्विच म्हणजे फक्त एक साधा संपर्क असतो: जॅकचं टोक आणि बाही जोडले की एक चॅनल, तोडले की दुसरा. काही अॅम्पना संपर्क टिकून राहिलेला लागतो, काहींना क्षणभराचा. मूळ फूटस्विच मल्टिमीटरवर लावून बघा. दाबून पाय काढल्यावरही संपर्क टिकला तर पहिला प्रकार, सुटला तर दुसरा. स्विचरच्या कंट्रोल आउटमध्ये हाच प्रकार निवडायचा. दोन कामं सांभाळणाऱ्या फूटस्विचला तीन भागांचा जॅक असू शकतो, तेव्हा केबलही तशीच घ्या. आणि जोडण्याआधी अॅम्पची पुस्तिका वाचा. काही फूटस्विचच्या तारेत दिव्यासाठी व्होल्टेज असतं.

काही अॅम्प आणि डिजिटल पेडल मिडीने चालतात. मिडी १९८३ मध्ये आलं आणि अजून तेच चालू आहे. ‘प्रोग्रॅम बदल’ हा संदेश दोन बाइटचा. सेकंदाला ३१,२५० बिटच्या वेगाने तो ०.६४ मिलिसेकंदात पोचतो, त्यामुळे उशीर मिडीच्या तारेमुळे होत नाही. गोंधळ होतो आकड्यांचा. काही यंत्रं प्रोग्रॅम ० ते १२७ मोजतात, काही १ ते १२८. तुम्ही ५ पाठवला आणि ६ उघडला, तर यंत्र बिघडलेलं नाही. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हे दुखणं रोजचं.

लांब तारा आणि हरवलेली धार

गिटारच्या केबलची कपॅसिटन्स साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. हंबकर पिकअपचं इंडक्टन्स ४ हेन्री धरलं, तर ५ मीटर केबलवर त्याचं शिखर साधारण ३,५५० हर्ट्झवर येतं, आणि १० मीटरवर २,५०० च्या आसपास. म्हणजे सगळे पेडल बायपास असताना मधली लांब तार नुसतीच आवाजाची धार खाते. उपाय आहे बफर, तोही बोर्डाच्या सुरुवातीला. अपवाद फक्त फझ फेससारख्या जुन्या घडणीच्या फझचा. त्याला थेट गिटार लागते, म्हणून तो बफरच्या आधी.

गुणगुण, आणि जिवाचा प्रश्न

चार केबलच्या पद्धतीत बोर्ड आणि अॅम्प यांची अर्थ एकापेक्षा जास्त रस्त्यांनी जोडली जाते. त्यातून गुणगुण येते, आपल्याकडे ५० हर्ट्झची. आधी प्रत्येक पेडलला वेगळा, आयसोलेटेड वीजपुरवठा द्या. तरी राहिली तर लूपच्या तारेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

पण एक उपाय कधीही, कुणी कितीही सांगितला तरी करू नका: अॅम्पच्या प्लगची तिसरी, अर्थची पिन काढणे. गुणगुण खरंच जाते, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण मग अॅम्पमध्ये दोष आला तर २३० व्होल्ट तुमच्या तारांवर येऊ शकतात, आणि समोर माइकला ओठ लागला की रस्ता पूर्ण होतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थ नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. आपल्याकडे मांडवात, लॉनवर, जनरेटरवर कार्यक्रम होतात. खिशात सॉकेट टेस्टर ठेवा. अर्थ दिसत नसेल तर मांडवाच्या वायरमनला बोलवा, आणि ती लागेपर्यंत गिटार पिशवीतच राहू दे. आयोजक घाई करतील, करू देत.

जोडणीचा क्रम

सगळं एकदम जोडू नका. आधी फक्त गिटार आणि अॅम्प, दोन्ही चॅनल ऐका. मग पुढचे पेडल. मग लूप, त्यात एकही पेडल नसताना. आवाज आधीसारखाच आला पाहिजे. मग डिले, रिव्हर्ब. लूपची पातळी पेडलला जास्त होऊन आवाज फाटत असेल तर अॅम्पमागचं पातळीचं बटण खाली करा. सगळ्यात शेवटी चॅनलचा हुकूम आणि वहीतले आवाज बटणांवर. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट वाढते, त्यामुळे बिघडलं तर ती शेवटचीच असते. आवाजांची उंची मात्र घरी नाही, बँडबरोबर तालमीतच जुळवा. ड्रमसमोर घरचा लीड हमखास बारीक पडतो.

पुढच्या भागात वीजपुरवठ्यावर सविस्तर बोलू: कुठल्या पेडलला किती मिलिअँपिअर आणि हिशेब कसा करायचा. तोपर्यंत वही काढा आणि गाणी लिहायला घ्या. भेटू!