ॲसिड लोखंड खातं, मग एफआरपीची टाकी कशी टिकते?

एफआरपी म्हटलं की उसाचा दर आठवतो. केमिकल कारखान्यात मात्र एफआरपी म्हणजे काचेच्या धाग्यांनी मजबूत केलेलं प्लास्टिक. हायड्रोक्लोरिक ॲसिड साध्या पोलादाला झपाट्याने खातं, म्हणून ते एफआरपीच्या टाकीत साठवतात.

या टाकीला ताकद देतात काचेचे धागे आणि ॲसिडपासून वाचवतं ते रेझिन. नेहमीच्या ‘ई-ग्लास’ धाग्याला ॲसिड लागलं, तर त्यातलं कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम निघून जातं. धागा कमजोर होतो आणि ताण आला की तुटतो.

म्हणून टाकीच्या आतल्या बाजूला काही मिलिमीटरचा खास थर देतात. त्यात व्हिनाइल एस्टरसारखं रेझिन जास्त, काच कमी. या थराला तडा गेला, तर ॲसिड धाग्यांपर्यंत पोहोचतं आणि बाहेरून धडधाकट दिसणारी टाकी अचानक फुटू शकते. त्यामुळे तपासणी आतूनही व्हायला हवी.

हा उपाय प्रत्येक ॲसिडला चालत नाही. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड रेझिनलाच जाळतं. ते पोलादी टाकीत ठेवता येतं, कारण तिथे पोलादावर लोह सल्फेटचा संरक्षक थर बसतो.

म्हणूनच टाकी बनवून घेताना ॲसिडचं नाव, तीव्रता आणि तापमान, तिन्ही सांगावं लागतं.