मौनपर्वाचे स्मरणरंजन : कुमार गंधर्वांची १९४७ ते १९५३ ही वर्षे आणि रसिकमन

प्रस्तावना

एखादा कलावंत कीर्तीच्या शिखरावर असताना अकस्मात दिसेनासा होतो. काही वर्षे त्याचा आवाज कोणाच्याही कानी पडत नाही. पुढे तो परततो किंवा परतत नाही. परंतु रसिकांच्या मनात त्या अदृश्य वर्षांचे एक वेगळेच दालन तयार होते. ज्यांनी तो काळ पाहिला नाही, ज्यांचा जन्मही त्यानंतर झाला, तेसुद्धा त्या वर्षांविषयी हळवेपणाने बोलू लागतात. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात या प्रवृत्तीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडित कुमार गंधर्व यांच्या आजारपणाची वर्षे होत. सन २०२३-२४ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्या निमित्ताने झालेल्या लेखनात आणि भाषणांत या 'मौनपर्वा'चा उल्लेख पुन्हा पुन्हा आला. प्रस्तुत लेखात या स्मरणरंजनाचे स्वरूप स्पष्ट करणे, त्यामागील कारणांचा शोध घेणे आणि त्यामुळे कोणत्या बाबी झाकोळल्या जातात याकडे लक्ष वेधणे हा उद्देश आहे.

स्मरणरंजन : संकल्पना

इंग्रजीतील 'नॉस्टॅल्जिया' या शब्दासाठी मराठीत 'स्मरणरंजन' ही संज्ञा रूढ आहे. मूळ शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये घडविला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा त्यात संयोग आहे. दूरदेशी राहणाऱ्यांना घराच्या ओढीने जडणारी व्याधी, असा त्याचा आरंभीचा अर्थ होता. पुढे व्याधीचा अर्थ मागे पडला आणि गतकाळाविषयीची गोड हुरहुर एवढाच अर्थ शिल्लक राहिला.

सामान्यतः स्मरणरंजन हे अनुभवलेल्या गोष्टीचे असते. कलावंताच्या अज्ञातवासाविषयीचे स्मरणरंजन मात्र याहून वेगळे आहे. त्यात स्मरण करणाऱ्याजवळ स्मरण करण्याजोगे काहीच नसते. पाश्चात्त्य रॉक संगीतात 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदाचा एक संस्थापक सिड बॅरेट याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६८ मध्ये तो वाद्यवृंदातून बाहेर पडला, पुढे केंब्रिज येथे लोकांपासून दूर राहिला आणि २००६ मध्ये मरण पावला. त्याने गायिलेली गाणी मोजकीच. पण न गायिलेल्या वर्षांविषयीचे चाहत्यांचे कुतूहल मात्र अखंड राहिले. आपल्याकडे सुरबहारवादिका अन्नपूर्णा देवी यांनी जाहीर मैफली थांबविल्या आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत मुंबईत एकांतात राहून विद्यादान केले. त्यांच्याविषयीच्या कथाही त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रणांपेक्षा अधिक दूरवर पोहोचल्या. कलावंत जितका कमी दिसतो तितकी रसिकाची कल्पनाशक्ती अधिक काम करते, असे या उदाहरणांवरून म्हणता येईल.

मौनपर्व : ज्ञात वस्तुस्थिती

कुमार गंधर्व यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी येथे झाला. बालवयातच मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाण्याची शक्ती त्यांच्या ठायी होती आणि एका मठाधिपतींनी त्यांना 'कुमार गंधर्व' ही उपाधी दिली. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत त्यांचे गाणे झाले आणि हा बालगायक सर्वतोमुखी झाला. त्यानंतर प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले.

१९४७ मध्ये देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास क्षयरोगाचे निदान झाले आणि गाणे थांबले. कोरड्या हवेसाठी माळव्यातील देवास हे गाव निवडण्यात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे महात्मा गांधींच्या हत्येच्या दिवशीच, ते देवासला पोहोचले. पुढील काही वर्षे त्यांना गाण्यास मनाई होती. १९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा लाभ झाला आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एक फुप्फुस मात्र कायमचे निकामी झाले होते. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांचे निधन झाले.

वस्तुस्थिती एवढीच आहे. तिच्यात गूढ असे फारसे नाही. तरीही या सहा वर्षांभोवती गूढतेचे वलय निर्माण झाले, ते कसे, हा खरा प्रश्न आहे.

रसिकांनी रचलेली कथा

रसिकांच्या तोंडी ही कथा साधारणपणे पुढीलप्रमाणे सांगितली जाते. मुंबईत गाजलेला एक तरुण गायक मरणाच्या दारात जातो. टेकडीच्या पायथ्याशी खाटेवर पडून तो वाऱ्याचा, पाखरांचा, बाजाराला जाणाऱ्या बायकांच्या गाण्याचा आवाज ऐकत राहतो. एक दिवस कोणी जोगी निर्गुणी भजन गात दाराशी येतो आणि त्या स्वरांनी त्याच्या अंतरंगात काही जागे होते. सहा वर्षांनी तो उठतो तेव्हा त्याचे गाणे सर्वस्वी नवे झालेले असते.

या कथेची घडण आपल्या परिचयाची आहे. अज्ञातवास, तपश्चर्या, साक्षात्कार आणि पुनरागमन हा क्रम आपण पुराणांत आणि संतचरित्रांत ऐकत आलो आहोत. पांडवांचा अज्ञातवास असो वा संतांचा एकांत असो, दृष्टीआड गेलेला पुरुष काही मिळवूनच परततो अशी आपली श्रद्धा असते. कुमारांचे चरित्र या साच्यात सहज बसले. शिवाय या वर्षांतील त्यांच्या गाण्याचा पुरावाच नसल्यामुळे कथेला अडविणारे काही नव्हते. १९५३ नंतरच्या मैफलींविषयी रसिकांत मतभेद होऊ शकतात, कारण त्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. मौनाविषयी मतभेद कसा व्हावा? म्हणूनच परस्परविरोधी अभिरुचीचे रसिकही या पर्वापाशी येऊन एकत्र होतात.

हे स्मरणरंजन सर्वस्वी निरर्थक आहे असे मात्र म्हणता येणार नाही. त्यातूनच अनेकांनी जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे जपली, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतली. शास्त्रीय संगीताशी संबंध नसलेला तरुण वर्ग कबीर आणि नाथपंथीय पदांकडे वळला, त्यातही या कथेचा वाटा आहे. प्रस्तुत लेखकही या गाण्याकडे प्रथम कथेमुळेच वळला, गाणे नंतर कळू लागले. तथापि कथा जेवढी उजळते तेवढीच झाकतेही. पुढील तीन बाबी विशेष विचारात घेण्याजोग्या आहेत.

झाकोळलेल्या बाबी

(अ) रोग आणि औषध : कुमारांना क्षयमुक्त होता आले ते उपचारांमुळे. १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. त्यापूर्वी विश्रांती, सकस आहार व कोरडी हवा हाच क्षयाचा मुख्य उपचार मानला जाई. कुमार आजारी पडले तेव्हा पिंपरी येथील 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा कारखाना अस्तित्वात यायचा होता. त्याची स्थापना १९५४ ची. म्हणजेच हे औषध तेव्हा सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्याच काळात औषधावाचून गेलेल्या असंख्य रुग्णांत कितीतरी गळे असतील. त्यांचे मौनपर्व कधी संपलेच नाही. आजही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. अशा देशात क्षयाला 'साधना' म्हणणे वाटते तितके निरुपद्रवी नाही.

(आ) भानुमतींचे श्रम : विवाहानंतर लगेचच भानुमती कोमकली यांच्यावर रुग्णसेवेचा भार आला. त्या स्वतः गायिका होत्या. देवासला त्यांनी शाळेत नोकरी करून संसार चालविला. अंथरुणावरचा मनुष्य 'ऐकत' राहू शकला, कारण घरात कोणीतरी पहाटे उठून काम करीत होते, पगार आणत होते आणि औषधांच्या वेळा सांभाळत होते. कुमारांचे गाणे सहा वर्षांनी परत आले. भानुमतींच्या गाण्याचे काय झाले, हा प्रश्न मैफलीतील रसिक सहसा विचारीत नाहीत. १९६१ मध्ये प्रसूतीच्या वेळी त्यांचे निधन झाले. देवासच्या घराचे 'भानुकुल' हे नाव त्यांची आठवण जागती ठेवते. पण मौनपर्वाच्या कथेत त्यांना क्वचितच एका वाक्याहून अधिक जागा मिळते. दोन गायकांच्या घरात त्या वर्षांत दोन मौने होती. स्मरणरंजन मात्र एकाचेच होते.

(इ) माळव्याचे अनाम गायक : देवासच्या वास्तव्यात कुमारांनी माळवी लोकगीते लक्षपूर्वक ऐकली, त्यांचा संग्रह केला, त्यांच्या धुनांचा अभ्यास केला. रागाचे मूळ लोकधुनेत आहे, हा त्यांचा विचार यातून दृढ झाला. लोकधुनांतून त्यांनी 'धुनउगम' राग सिद्ध केले. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी ही त्यांतील काही नावे. त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. नाथपंथीयांच्या गायनातून निर्गुणी भजनांचा वेगळाच आविष्कार पुढे आला. हे सर्व कष्टपूर्वक केलेले काम आहे; ते एका रात्रीच्या साक्षात्कारातून झालेले नाही. आणि ज्या स्त्रियांनी, जोग्यांनी त्या धुना शतकानुशतके जपल्या त्यांच्यातील बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कुमारांचे छोटे छोटे, तुटक भासणारे स्वरसमूह हे केवळ एका फुप्फुसाचे फळ आहे, असे सर्रास बोलले जाते. श्वासाची मर्यादा होतीच. परंतु एकाच घराण्याच्या चौकटीत न राहण्याची वृत्ती देवधरांच्या अनेक घराण्यांना सामावून घेणाऱ्या शिक्षणात आधीच रुजली होती. गाण्यातील प्रत्येक नावीन्याचे श्रेय आजाराला देणे म्हणजे गायकाच्या विचाराला कमी लेखणे होय.

आपल्या परिसराच्या संदर्भात

हा विषय गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि माळवा आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. आपल्या जिल्ह्यात, तसेच शेजारच्या भंडारा व बालाघाट जिल्ह्यांत मोठ्या संख्येने असलेला पोवार समाज परंपरेने आपले मूळ माळव्यातील धारानगरीशी जोडतो. पोवारी बोलीतील लग्नगीते आजही मांडवात वयस्क स्त्रियांच्या तोंडी ऐकू येतात. झाडीपट्टीची दंडार, खडी गंमत, दिवाळीनंतरच्या मंडईतील गाणी हे सारे धन आपल्या दाराशी आहे.

वर्गात कुमार गंधर्वांविषयी शिकविताना प्रस्तुत लेखकाने एकदा विद्यार्थ्यांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची गाणी लिहून आणण्यास सांगितले. एका विद्यार्थिनीने कोरी वही परत केली. आजी मागच्याच वर्षी गेली, आईला ती गाणी येत नाहीत, असे तिचे उत्तर होते. त्या कोऱ्या वहीत जे मौन होते त्याला पुनरागमन नाही. देवासच्या मौनाविषयी हळवे होणारे आपण आपल्या ओसरीवर पसरणाऱ्या या मौनाविषयी मात्र उदासीन असतो. कारण त्याला नायक नाही आणि कथाही नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कलावंताच्या अज्ञात वर्षांचे स्मरणरंजन हे प्रत्यक्ष आठवणीवर नव्हे, तर पुराव्याच्या अभावावर पोसले जाते.

२. कुमार गंधर्वांच्या १९४७ ते १९५३ या काळाची लोकप्रिय कथा अज्ञातवास व साक्षात्कार या आपल्या परंपरागत साच्यात घडली आहे.

३. या कथेमुळे औषधोपचार, भानुमतींचे श्रम आणि माळव्यातील अनाम गायकांचे ऋण या तीन बाबी मागे पडतात.

४. स्मरणरंजन त्याज्य नाही. परंतु ते गाणे ऐकण्याची आणि नोंदविण्याची प्रेरणा ठरले तरच ते फलदायी होते.

कुमार गंधर्वांनी त्या वर्षांत केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ते ऐकत राहिले. गाता येत नसतानाही ऐकता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या मौनाचा आदर करायचा असेल तर त्याविषयी सुस्कारे टाकण्यापेक्षा आपल्या गावात अद्याप गात असलेल्या एखाद्या वृद्धेजवळ वही घेऊन बसणे अधिक उचित होईल. ते काम अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी आताच हाती घ्यावे, एवढीच अपेक्षा.