निळ्या बरणीमागचा कायदा

अमेरिकेतील एखाद्या केशकर्तनालयात गेलात, तर आरशापुढे निळ्या द्रवाने भरलेली काचेची उंच बरणी बहुधा दिसेल. तीत फण्या व कात्र्या बुडवून ठेवलेल्या असतात. ही शोभेची वस्तू नव्हे, बरे का!

तुमच्या डोक्यावरून फिरलेली फणी थोड्या वेळाने दुसऱ्याच्या डोक्यावर फिरते. तिच्याबरोबर गजकर्णाची बुरशी किंवा केसांच्या मुळाशी पुळ्या उठवणारे जिवाणू जाऊ शकतात. वस्तऱ्याने रक्त निघाले, तर धोका अधिक. ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू शरीराबाहेरही निदान सात दिवस तग धरतात. म्हणूनच तेथील राज्ये न्हाव्याला परवाना घ्यायला लावतात. पहिला कायदा १८९७ साली मिनेसोटा राज्याने केला.

बरणीतल्या द्रवात क्वाटर्नरी अमोनियम जातीचे संयुग असते. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार, तर जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण. त्यामुळे रेणू जिवाणूला चिकटतो, त्याचे पटल फाटते आणि आतील द्रव्ये बाहेर येतात. याला वेळ लागतो. साधारणपणे १० मिनिटे. नुसते बुचकळून काढले तर ती फसवणूकच! शिवाय फणी आधी साबणाने धुवावी लागते. का, सांगा पाहू? तिला चिकटलेले तेल व मळ यांतच औषध खर्ची पडते आणि जिवाणू मळाआड सुरक्षित राहतात.

या मळाने २००० साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल गावी चांगलाच हात दाखवला. तेथील एका प्रसाधनगृहात पाय भिजवण्याच्या टबातले पाणी यंत्राने घुसळले जाई. टब वरून स्वच्छ दिसत. पण पाणी ओढून घेणाऱ्या जाळीमागे केस व त्वचेचे कण साचले होते. त्यांत मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हे जिवाणू वाढले. शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली आणि ती बरी व्हायला कित्येक महिने लागले. ज्यांनी आधी पायांवरून वस्तरा फिरवला होता, त्यांना धोका अधिक होता, कारण बारीक जखमांतून जिवाणूंना वाट मिळाली. पुढे राज्याने असे टब कसे धुवावेत याचे नियम केले.

सगळेच नियम मात्र असे पटण्याजोगे नाहीत. बऱ्याच राज्यांत केशप्रसाधनाच्या परवान्यासाठी १००० तास किंवा त्याहून अधिक शिक्षण लागते. रुग्णवाहिकेवरील प्राथमिक दर्जाच्या सेवकाला सुमारे दीडशे तास पुरतात! केवळ आफ्रिकी पद्धतीच्या वेण्या घालणाऱ्या स्त्रिया ना कात्री वापरत, ना रसायने. त्यांनाही हीच सक्ती होती. १९९९ साली सॅन डिएगो येथील संघराज्य न्यायालयाने कॅलिफोर्नियातील ही सक्ती अवैध ठरवली. त्याच राज्याने २०२२ पासून केशप्रसाधनाच्या शिक्षणाचे १६०० तास १००० वर आणले. हत्यारे औषधात पूर्ण बुडवण्याच्या नियमाला मात्र हात लावला नाही.