कृत्रिम खुबा किती वर्षे टिकतो?

खुब्याचा सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला की नातेवाईक प्रथम खर्च विचारतात आणि नंतर, ‘हा सांधा किती वर्षे चालेल?’ दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये धातूचा गोळा व पॉलिथिलीनची वाटी ही जोडी वापरात आणली. त्यापूर्वीची त्यांची टेफ्लॉनची वाटी काही वर्षांतच झिजली होती. झिजेचा हा प्रश्न आजही मुळाशी आहे. वाटीतून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड विरघळू लागते व सांधा सैल होतो. १९९० च्या दशकाअखेर आलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनने ही झीज पुष्कळ कमी केली.

‘लॅन्सेट’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदींच्या अभ्यासानुसार १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के व २५ वर्षांनी ५८ टक्के सांधे टिकून होते. मात्र हे रुग्ण बहुतांशी उतारवयाचे. विदर्भात सिकलसेलमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ऐन तारुण्यात सांधा निकामी होतो. सत्तरीतील गृहस्थास जो सांधा जन्मभर पुरेल, तो तिशीतील शेतमजुरास पुरेलच असे नाही. दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड व अधिक खर्चाची; हाडही तोवर उणावलेले असते. निंदणीसाठी उकिडवे बसणे तर पहिल्या शस्त्रक्रियेनंतरच टाळावे लागते, कारण सांधा निखळण्याचा धोका असतो.

नवे ते टिकाऊच, असेही नाही. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसले होते. कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरल्याच्या तक्रारी होत्या. भारतातही तो बसविला गेला होता. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने बाधितांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली, ती २०१८ साली. तोवर अनेक रुग्णांचा ठावठिकाणाही लागत नव्हता.

म्हणून सांध्याची कंपनी, आकार व बॅच क्रमांक असलेली चिठ्ठी कुटुंबीयांनी शिधापत्रिकेइतकीच जपून ठेवावी. दुखत नसले तरी सांगितलेल्या वेळी क्ष-किरण तपासणीस यावे. हाड झिजू लागते तेव्हा आरंभी वेदना नसतात.