विश्लेषण : कंपनीचा पैसा नेमका गेला कुठे? कॉस्ट सेंटर आणि इंटर्नल ऑर्डरमधून ते कसे कळते?

मार्च एंडिंग जवळ आले, की कारखान्यातील देखभाल विभागाच्या प्रमुखाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘यंदा तुमचा खर्च एवढा कसा वाढला?’ बऱ्याचदा कारण त्याला माहीत असते. वर्षभरात एक नवे यंत्र बसवले, एका भट्टीचे मोठे काम निघाले, प्रदर्शनासाठी नमुने तयार करून दिले. हिशेबात मात्र हे सगळे ‘देखभाल’ या एकाच ओळीत जमा झालेले असते. विभागाने उधळपट्टी केली की कंपनीनेच जादा काम दिले, हे त्या ओळीवरून सांगता येत नाही. हा घोळ टळावा म्हणून मोठ्या कंपन्या कॉस्ट सेंटर आणि इंटर्नल ऑर्डर हे दोन कप्पे वापरतात.

नेहमीच्या जमाखर्चात हे का दिसत नाही?

नेहमीच्या खातेवहीत खर्चाचा प्रकार कळतो. वीज, पगार, प्रवास, छपाई अशी खाती असतात. बँक, भागधारक आणि प्राप्तिकर खात्याला मुख्यतः तेवढे पुरते. कारखाना चालवणाऱ्याला आणखी दोन गोष्टी कळाव्या लागतात. खर्च कोणत्या विभागात झाला आणि कोणत्या कामासाठी झाला? जर्मनीतील परिव्यय लेखांकनात ही त्रिसूत्री जुनी आहे. खर्च कोणता, कुठे आणि कशासाठी, अशी तिची मांडणी. १९७२ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने तीच रचना संगणकावर आणली. भारतातील अनेक मोठ्या उद्योगांचे हिशेब आज सॅपवर चालतात. त्यामुळे तेथील लेखा विभागात हे दोन शब्द रोजचे झाले आहेत.

कॉस्ट सेंटर म्हणजे काय?

कॉस्ट सेंटर म्हणजे खर्च जिथे होतो ती जागा किंवा विभाग. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे. तिथे मेल्टिंग, मोल्डिंग, फेटलिंग, देखभाल, कँटीन, विक्री अशी कॉस्ट सेंटर असतील. प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक जबाबदार व्यक्ती असते. बिल आले, की लिपिक खर्चाच्या खात्यासोबत कॉस्ट सेंटरचा क्रमांकही टाकतो. महिन्याअखेरीस प्रत्येक विभागाचे ठरवलेले बजेट आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी दिसतो. कॉस्ट सेंटर कायमस्वरूपी असते. विभाग आहे तोवर ते वर्षानुवर्षे चालते.

मग इंटर्नल ऑर्डर कशासाठी?

इंटर्नल ऑर्डर एखाद्या ठरावीक कामासाठी उघडली जाते आणि काम संपले की बंद होते. नावात ‘ऑर्डर’ असली तरी ती ग्राहकाची मागणी नव्हे. ती कंपनीने स्वतःसाठी उघडलेली, एका कामापुरती वही असते.

वरच्या फाउंड्रीने एका औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल लावला असे धरू. स्टॉलचे भाडे ६ लाख, नमुन्यांची वाहतूक १ लाख २० हजार, कर्मचाऱ्यांचा प्रवास व मुक्काम ९० हजार आणि माहितीपत्रके ४० हजार. खातेवहीत ही रक्कम भाडे, वाहतूक, प्रवास, छपाई अशा चार खात्यांत विखुरते. प्रदर्शनाच्या नावाने ऑर्डर उघडली आणि प्रत्येक बिलावर तिचा क्रमांक टाकला, तर एकाच ठिकाणी ८ लाख ५० हजार हा आकडा मिळतो. पुढच्या वर्षी जायचे की नाही, हे ठरवताना मालकाला तोच हवा असतो.

ऑर्डर बंद होताना खर्च जातो कुठे?

ऑर्डर हा खर्चाचा तात्पुरता मुक्काम आहे. महिन्याअखेरीस किंवा काम संपल्यावर तिच्यातील रक्कम खऱ्या धन्याकडे वळवली जाते. सॅपमध्ये याला सेटलमेंट म्हणतात. प्रदर्शनाचा खर्च विक्री विभागाच्या कॉस्ट सेंटरवर जाईल, पण ऑर्डरवरचा तपशील पुढे तुलनेसाठी कायम राहील.

खरा फरक मालमत्ता उभी राहते तेव्हा पडतो. फाउंड्रीने स्वतःच एक चाचणी यंत्र बांधले. साहित्य १२ लाख, कंत्राटदार ५ लाख आणि आपल्याच कामगारांची मजुरी ३ लाख. हे २० लाख ऑर्डरवर गोळा झाले, तर यंत्र सुरू होताना ते मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातात. यंत्राचे आयुष्य १० वर्षे धरले आणि समान हप्त्यांनी घसारा लावला, तर दरवर्षी २ लाख खर्च दिसेल. हीच बिले देखभाल विभागावर टाकली, तर यंदाचा नफा थेट २० लाखांनी कमी दिसेल, यंत्र पुस्तकात दिसणारच नाही आणि देखभाल प्रमुखाला जाब विचारला जाईल.

काही ऑर्डर केवळ माहितीसाठी असतात. कंपनीच्या पाच गाड्यांचा खर्च प्रशासन विभागावरच पडतो, पण कोणती गाडी किती खाते, हे पाहण्यासाठी प्रत्येक गाडीची ऑर्डर उघडतात. तिला स्टॅटिस्टिकल ऑर्डर म्हणतात. तिच्यातून रक्कम पुढे वळवली जात नाही.

बजेटला लगाम कसा बसतो?

ऑर्डरला खर्चाची मर्यादा घालून देता येते. विशेष म्हणजे बिल येण्याआधीच ही मर्यादा तपासली जाते. पुरवठादाराला खरेदी आदेश दिला, की तेवढी रक्कम बांधील धरली जाते. १० लाखांच्या ऑर्डरवर ६ लाख खर्च झाले असतील आणि ३ लाखांची खरेदी आधीच दिलेली असेल, तर नव्या खरेदीसाठी १ लाखच उरतो. त्यापुढे गेल्यास यंत्रणा इशारा देते किंवा नोंदच अडवते. काम संपल्यावर ऑर्डर वेळेत बंद करणेही तितकेच गरजेचे आहे. उघडी राहिलेली ऑर्डर म्हणजे कोणाचेही बिल खपवण्याची सोय.

विक्रीच्या दराशी याचा काय संबंध?

कँटीन किंवा देखभाल विभाग काही विकत नाही. त्यांचा खर्च उत्पादन विभागांवर वाटावा लागतो. कँटीनचा खर्च कामगारांच्या संख्येनुसार, विजेचा मीटरप्रमाणे, इमारतीचा चौरस फुटांनुसार. हे न करता सगळा वरखर्च मालाच्या किलोवर पसरवला, तर ५० किलोचे साधे कास्टिंग महाग दिसते आणि खूप हातकाम लागणारे २ किलोचे कास्टिंग स्वस्त. मग साध्या मालाची कामे जादा दरामुळे हातची जातात आणि अवघड मालाची कामे तोट्यात घेतली जातात. कारखाना भरलेला असूनही हातात पैसा उरत नाही.

मुद्दाम चुकीची नोंद केली तर?

चालू खर्च मालमत्तेत ढकलला, की नफा फुगतो. अमेरिकेतील वर्ल्डकॉम हे याचे ठळक उदाहरण. इतर दूरसंचार कंपन्यांचे जाळे वापरण्यासाठी द्यावे लागणारे शुल्क हा चालू खर्च होता. वर्ल्डकॉमने तो भांडवली खर्च म्हणून दाखवला. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकाने हे उघड केले. सुमारे ३८० कोटी डॉलरचा खर्च असा चुकीचा नोंदल्याचे कंपनीने जून २००२ मध्ये जाहीर केले आणि जुलैमध्ये दिवाळखोरी पत्करली. मुख्य कार्यकारी अधिकारी राहिलेले बर्नार्ड एबर्स यांना २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. साधने कितीही चांगली असली, तरी नोंद कुठे करायची हे माणूसच ठरवतो.

भारतात कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४८ नुसार आणि २०१४ च्या नियमांनुसार साखर, औषधे, खते, वीज अशा ठरावीक क्षेत्रांतील कंपन्यांची उलाढाल ३५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तर त्यांना परिव्ययाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. याहून मोठ्या उलाढालीच्या टप्प्यावर परिव्यय लेखापरीक्षणही बंधनकारक होते. विभागवार नोंदी आधीपासून असतील, तर हे काम सोपे जाते.

लहान उद्योजकाने काय करावे?

त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. टॅलीमध्येही कॉस्ट सेंटर आणि कॉस्ट कॅटेगरी या सोयी आहेत. ‘विभाग’ आणि ‘काम’ अशा दोन कॅटेगरी केल्या, तर एकच बिल दोन्ही बाजूंनी पाहता येते. सुरुवात मोजक्या पाच-सहा विभागांपासून करावी, कारण पन्नास कप्पे केले, की घाईत बिले ‘इतर’मध्ये पडू लागतात. दरवर्षी येणारा खर्च विभागावर टाकावा. ज्या कामाला सुरुवात आणि शेवट आहे, त्याची वेगळी ऑर्डर उघडावी आणि तिला एक जबाबदार माणूस नेमावा. बिलावर कोणता क्रमांक टाकायचा, हे खरेदी करतानाच ठरवावे. मार्चमध्ये बसून आठवणीने केलेली वाटणी बहुधा चुकते आणि तिचा जाब भलत्यालाच द्यावा लागतो.